१९६९ ची एमजीबी रोडस्टर घरी राखताना कामांचा क्रम कसा लावावा?

थेम्सकाठी

नमस्कार, मंचावरील मंडळी. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर मी १९६९ सालची एमजीबी रोडस्टर (एमजी या ब्रिटिश कंपनीची उघडी, दोन आसनी गाडी) विकत घेतली. मी रेडिंगला राहतो, आणि ही गाडी ज्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात जुळवली गेली ते गाव इथून फार लांब नाही. १९६२ ते १९८० या काळात सर्व प्रकार मिळून पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. त्यामुळे जवळपास प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो, आणि बहुतेक कामे घरच्या गॅरेजात साध्या हत्यारांनी करता येतात. हीच गाडी निवडण्याचे माझे मुख्य कारण तेच होते. इंजिन १७९८ सीसीचे आहे, त्यावर एस.यू. एचएस४ जातीचे दोन कार्बोरेटर आहेत, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन हळू फिरू देणारा जास्तीचा गिअर) आहे, तारांच्या आऱ्यांची चाके आहेत आणि सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत.

इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठा बदल न केलेल्या गाड्यांना २० मे २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे. गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मात्र मालकाची राहतेच. वर्षातून एकदा गाडीखाली जाऊन पाहणारा जाणता माणूस या सुटीमुळे नाहीसा झाला आहे, म्हणून ते पाहणे मला स्वतःलाच शिकून घ्यायचे आहे.

सध्याच्या तक्रारी अशा आहेत. इंजिन थंड असताना गाडी उत्तम चालते, पण चांगली तापली की मिस मारू लागते (मध्येच एखादा सिलिंडर पेटत नाही) आणि सिग्नलला उभी केल्यावर आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनची चाल, खालीवर होते. तासभर थांबवली की पुन्हा ठीक होते. इंजिनच्या डाव्या अंगाने थोडे तेल गळते. दोन्ही पुढच्या मडगार्डांच्या खालच्या मागच्या कोपऱ्यात रंग फुगलेला दिसतो, परंतु ते काम उन्हाळ्यानंतर घेता येईल असे वाटते. कार्बोरेटर उघडून त्यांचा दुरुस्ती-संच बसवावा असा माझा बेत आहे. हा क्रम योग्य आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

लोहारकाम

आपण जो मुद्दा शेवटी टाकला आहे, तो मी सर्वांत आधी घेईन. मी वुल्व्हरहॅम्प्टनला राहतो आणि पत्र्याचे काम हा माझा व्यवसायच आहे, त्यामुळे इथे सविस्तर लिहितो.

एमजीबीच्या आधीच्या एमजीए या गाडीला स्वतंत्र चासी होती आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसत असे. एमजीबीला चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. बंद गाडीत छपरामुळे मिळणारा ताठपणा उघड्या गाडीत मिळत नाही, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांमधला सगळा भार गिअरबॉक्सवरचा बोगदा आणि दारांखालचे दोन सिल यांच्यावर येतो. हा सिल म्हणजे बाहेरून दिसणारी एक पट्टी नव्हे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोघांच्या मध्ये उभा असलेला तिसरा पत्रा आणि तळाशी लांबट पन्हाळीसारखा चौथा तुकडा, असे चार भाग मिळून ती पेटी तयार होते. मधला उभा पत्रा गंजून गेला असेल, तर बाहेरून गाडी चकचकीत दिसत असूनही तिचा कणा अर्धा मोडलेला असतो.

मडगार्डच्या खालच्या कोपऱ्यातला फुगवटा कुठून येतो ते सांगतो. पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत एक आडवा पत्रा असतो, आणि त्याच्या कडेला रबराची पट्टी असते. चाकाने उडवलेला चिखल पलीकडे जाऊ नये म्हणून ही योजना आहे. रबर कडक होऊन सुटले की चिखल, पाने आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ त्या पत्र्यामागे साचते, आणि नेमके तिथेच सिलचे पुढचे टोक असते. पावसाळी हवेत तो गाळ महिनोन् महिने वाळत नाही. म्हणजे आपल्याला रंगावर जो बुडबुडा दिसतो तो गंजाचा बाहेर पडलेला शेवट आहे, आणि त्याची सुरुवात आत बरीच आधी झालेली असते.

तपासणी सोपी आहे. पुढचे चाक काढा आणि तो आडवा पत्रा उघडून आत हाताने चाचपा. सिलच्या तळाशी, विशेषतः पुढच्या आणि मागच्या टोकांना, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द आवाज देतो. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक बाहेरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुटी भरलेली आहे. (बॉनेटवर धरले नाही तर घाबरू नका, सुरुवातीच्या अनेक गाड्यांचे बॉनेट अॅल्युमिनियमचे होते.) मग दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत पाहा. फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, किंवा गाडी जॅकवर उचलताच दार अडकू लागले, तर बॉडी मधोमध बसत चालली आहे.

आणखी एक गोष्ट मुद्दाम पाहा. बाहेरचा सिल पुढे मडगार्डच्या आड आणि मागे मागच्या मडगार्डच्या आड बराच आत गेलेला असतो. नीट दुरुस्ती करायची तर पुढचे मडगार्ड बोल्ट काढून उतरवावे लागते आणि मागच्याचा खालचा तुकडा कापावा लागतो. हा व्याप टाळण्यासाठी जुन्या कुजक्या सिलवर नवा पत्रा वरून चिकटवण्याची वाईट पद्धत अनेक वर्षे चालत आली आहे. मडगार्डखाली जोड दिसत नसेल किंवा सिलचा पत्रा दुहेरी वाटत असेल, तर तसेच झाले आहे असे समजावे.

इंजिनवर कितीही खर्च केला तरी सिल गेलेली गाडी सुरक्षित होत नाही, आणि सिलच्या कामाचा अंदाज आल्याशिवाय बाकीच्या खर्चाचे नियोजन करताच येत नाही. म्हणून आधी पाहा. काम उन्हाळ्यानंतर करायचे की नाही, ते पाहून झाल्यावर ठरवू.

थेम्सकाठी

इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. शनिवारी दोन्ही पुढची चाके काढून पाहिले. उजव्या बाजूचा आडवा पत्रा निघताच काळा, ओला गाळ खाली पडला. त्यात पानांच्या शिरा जशाच्या तशा होत्या आणि त्याच्या तळाशी गंजाचे पापुद्रे हाताने सुटत होते. सिलचे पुढचे टोक सुमारे तळहाताएवढ्या भागात भोक पडण्याइतके गेले आहे. मधला आणि मागचा भाग ठोकल्यावर खणखणतो. डाव्या बाजूला गाळ कमी आहे आणि पत्रा वरवर गंजलेला असला तरी घट्ट आहे. दारांच्या फटी दोन्हीकडे समान आहेत, जॅकवर घेतल्यावरही दारे सहज उघडतात. वरून चिकटवलेला पत्रा कुठे दिसला नाही.

लोहारकाम

हे वृत्त बरेच चांगले आहे. फटी समान आहेत म्हणजे बॉडी वाकलेली नाही. उजव्या टोकाचे काम याच वर्षी करावे, पण त्यासाठी इंजिनची कामे थांबवण्याची गरज नाही. तोवर गाळ पूर्ण काढून, पाण्याने धुऊन, वाळवून ठेवा आणि सिलच्या तळातली पाणी निथळण्याची भोके तारेने मोकळी करा.

वेल्डिंग स्वतः शिकणार असाल तर आधी टाकाऊ पत्र्यावर भरपूर सराव करा. सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी आधार पक्का करावा. एका वेळी एकच बाजू घ्यावी. कापताना गाडीचा भार शक्यतो अॅक्सलवर किंवा चाकांखाली आधार देऊन ठेवावा, म्हणजे बॉडी रस्त्यावर ज्या स्थितीत असते त्याच स्थितीत जोडली जाते. दर थोड्या टाक्यांनंतर दार लावून फट तपासावी, कारण सिल एकदा पूर्ण जोडला गेला की वाकलेली फट सरळ करायला तो पुन्हा कापण्यावाचून मार्ग उरत नाही. कार्पेट, डांबरी थर आणि तारा आधी दूर कराव्यात, बॅटऱ्या काढाव्यात, आणि मागच्या टोकाशी काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवावीच. काम झाल्यावर सिलच्या आत मेण फवारायला विसरू नका. बाहेरच्या रंगापेक्षा ते जास्त वर्षे उपयोगी पडते.

पुढे कधी एखाद्या गाडीची बॉडी दुरुस्तीपलीकडे गेलेली आढळली, तरी ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी बनवत आली आहे. आपल्या गाडीला त्याची गरज नाही.

हिंदमोटर

मी पुण्यात असतो आणि एमजीबी माझ्याकडे कधीच नव्हती, तरी या धाग्यावर लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मानतो. एमजीबीचे इंजिन हे बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) 'बी-सिरीज' घराण्यातले, आणि आपल्या अॅम्बॅसिडरला १९५९ पासून मिळालेले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातले. सुरुवातीच्या एमजीए आणि अॅम्बॅसिडर यांच्या इंजिनांचे तर सीसीही एकच. पुण्या-मुंबईतल्या ज्या मिस्त्रींनी सरकारी आणि टॅक्सीच्या अॅम्बॅसिडर आयुष्यभर सांभाळल्या, त्यांना एमजीबीचे बॉनेट उघडून दिले तर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) कुठे आणि डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग) कुठे हे सांगावे लागणार नाही.

त्या मिस्त्रींचा एक नियम मी इथे ठामपणे मांडतो: टॅपेट, मग इग्निशन (ठिणगीची व्यवस्था), आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. हा क्रम उलटा केला तर कार्बोरेटर चुकीच्या इंजिनाला जुळवला जातो आणि पुढे प्रत्येक दुरुस्तीनंतर तो पुन्हा बदलावा लागतो. गाडी थंड असताना उत्तम आणि तापल्यावर मिस मारते, हे लक्षण तर कार्बोरेटरपेक्षा इग्निशनकडेच बोट दाखवते.

टॅपेटची फट ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. आठ व्हॉल्व्ह आहेत, आणि कोणता व्हॉल्व्ह कधी तपासायचा यासाठी नऊची बेरीज लक्षात ठेवावी. आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिला तपासावा, सहावा दाबलेला असताना तिसरा, चौथा दाबलेला असताना पाचवा. दोन आकड्यांची बेरीज नेहमी नऊ. प्लग काढून ठेवले की इंजिन हाताने सहज फिरते. फिलर गेज हलका चिकटत सरकला पाहिजे. अगदी मोकळा सरकला तर टॅपेट वाजतात, आणि फट राहिलीच नाही तर व्हॉल्व्ह जळतो. वाजणारा टॅपेट निदान ऐकू तरी येतो, म्हणून शंका असेल तर किंचित सैल बाजूला ठेवावे.

टॅपेटसाठी इंजिनचे वरचे झाकण काढलेच आहे तर त्याचे पॅकिंग नवे घाला. डाव्या अंगाने गळणारे तेल बहुधा मॅनिफोल्डखालच्या टॅपेटच्या दोन झाकणांतून येत असावे. गळते म्हणून त्यांचे बोल्ट आवळत गेले की पत्रा वाकतो आणि गळती वाढते. झाकणे काढून सपाट करावीत, नवे पॅकिंग बसवावे आणि बोल्ट बेताने आवळावेत.

नंतर डिस्ट्रिब्युटर. पॉइंटची (ठिणगीसाठी प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांची) फट ०.०१४ ते ०.०१६ इंच, प्लगची ०.०२५ इंच, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. पॉइंटच्या दोन्ही टोकांचा रंग पाहा. राखाडी आणि स्वच्छ असतील तर ठीक. निळसर काळे आणि खड्डे पडलेले असतील तर कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा लहान भाग) किंवा कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारे वेटोळे) संशयास्पद. हल्ली मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरांचा आणि रोटरांचा दर्जा फार असमान असतो, म्हणून जुना चालू भाग कधीही फेकू नये.

तारयंत्री

हिंदमोटर यांच्या क्रमाशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात एका मोजणीची भर घालते, कारण आपल्या वर्णनावरून मला कॉइलची शंका येते. मल्टिमीटर ओहमवर ठेवून, तारा सुट्या करून, कॉइलच्या दोन लहान टोकांमधला रोध मोजा. १९६९ च्या एमजीबीला सरळ बारा व्होल्टवर चालणारी कॉइल असते आणि तिचा रोध सुमारे ३ ओहम असतो. नंतरच्या गाड्यांमध्ये रोधतार जोडलेली व्यवस्था आली, आणि तिथली कॉइल साधारण दीड ओहमची असते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दीड ओहमची कॉइल जुन्या गाडीत सरळ बसवली तर तिच्यातून जवळपास दुप्पट प्रवाह जातो, ती तापते, पॉइंट जळतात, आणि गाडी थंड असताना ठीक चालून नंतर मिस मारू लागते.

या गाड्यांच्या विजेच्या व्यवस्थेविषयी फार वाईट बोलले जाते, ते मला अन्यायाचे वाटते. तारांचे रंग पाहिले तर रचना अतिशय तर्कशुद्ध आहे: तपकिरी तार नेहमी जिवंत, पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत, हिरवी त्याच पांढरीवरून फ्यूजमधून आलेली, जांभळी फ्यूजमधून नेहमी जिवंत, निळी हेडलाइटची, लाल बाजूच्या दिव्यांची आणि काळी अर्थची, म्हणजे बॉडीशी जोडलेली. एवढे पाठ झाले की पन्नास वर्षांपूर्वीचा आराखडा नकाशाशिवाय वाचता येतो. बिघाड होतो तो बहुतेक वेळा गंजलेल्या अर्थ-जोडांत आणि गोळीच्या आकाराच्या कनेक्टरांत. वर्षातून एकदा ते उघडून स्वच्छ करून बसवले की अर्ध्याहून अधिक तक्रारी उद्भवतच नाहीत. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टी आणि बॅटरीची अर्थ विशेष पाहावी.

एक सावधगिरी मात्र हवी: तपकिरी आणि पांढऱ्या तारांवर फ्यूज नसतो. डॅशबोर्डमागे हात घालण्याआधी बॅटरीची अर्थ-तार सोडलीच पाहिजे. तसेच १९६७ च्या उत्तरार्धापूर्वीच्या गाड्यांत धन टोक अर्थला जोडलेले असे, त्यामुळे जुन्या गाडीचा सल्ला वाचून आपल्या गाडीत बॅटरी उलटी जोडू नका. अल्टरनेटर लगेच जळेल.

थेम्सकाठी

टॅपेट लावले, दोन व्हॉल्व्हांची फट बरीच कमी होती. कॉइल मोजली तर दीड ओहम भरली, आणि रोधतार कुठेही नाही. पॉइंट निळसर काळे झालेले होते, हिंदमोटर यांनी वर्णन केले अगदी तसे. तीन ओहमची कॉइल, नवे पॉइंट आणि कंडेन्सर बसवून टायमिंग स्थिर इंजिनवर १० अंशांवर ठेवले. रविवारी ऑक्सफर्डच्या पुढपर्यंत जाऊन आलो. गाडी एकदाही मिस मारली नाही. आयडलिंग मात्र अजून पूर्ण स्थिर नाही, एक कार्बोरेटर दुसऱ्यापेक्षा जास्त फुसफुसतो.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे का, याविषयीही मत द्यावे.

तारयंत्री

चांगल्या दर्जाचे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवले तर पॉइंटची फट पुन्हा पुन्हा पाहावी लागत नाही आणि टायमिंग स्थिर राहते. मी स्वतः ते बसवले आहे. जुना पॉइंटचा संच मात्र जुळवलेल्या पट्टीसह गाडीतच ठेवते.

हिंदमोटर

मी पॉइंटच ठेवीन. पॉइंट हळूहळू बिघडतात आणि घर गाठू देतात, मॉड्यूल मात्र गेले की क्षणात जाते. ज्याला गाडी शिकायची आहे त्याने निदान पहिली दोन वर्षे तरी पॉइंटवर चालवावी असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कार्बोरेटरकडे यायला हरकत नाही, आणि ते उघडायची गरज पडेल असे वाटत नाही. आधी वरच्या पितळी किंवा काळ्या टोप्या फिरवून डॅम्पर (पिस्टनची हालचाल मंद ठेवणारा भाग) काढा आणि आत तेल आहे का पाहा. पोकळ दांड्याच्या वर अर्धा इंच पातळी हवी. तेल नसेल तर अॅक्सिलरेटर दाबताच इंजिन अडखळते आणि लोक जेट बदलत बसतात. मग डॅम्पर बाहेर असताना कार्बोरेटरमधला पिस्टन बोटाने वर उचलून सोडा. तो मोकळेपणे खाली येऊन तळाशी टक्क असा धातूचा आवाज करून बसला पाहिजे. अडकत असेल तर घंटेसारखा वरचा भाग उतरवून आत-बाहेर पेट्रोलने पुसून घ्यावा. खरकागद मुळीच लावू नये, कारण पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट मोजून ठेवलेली असते. उतरवताना दोन कार्बोरेटरांचे पिस्टन एकमेकांत बदलू देऊ नयेत.

त्यानंतर दोन्हींचा श्वास सारखा करायचा. इंजिन चांगले तापवा, एअर फिल्टर काढा, दोन्ही थ्रॉटलना जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प सैल करा. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी, दोन्हीकडे त्याच जागी धरून फुसफुस ऐका आणि थ्रॉटलचे स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत आवाज सारखा करा. मग मिश्रण. कार्बोरेटरच्या बाजूला खालून वर दाबायची लहानशी खुंटी असते; तिने पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचला. इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण जाड आहे, इंजिन लगेच गचकले तर पातळ आहे, आणि क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाले तर बरोबर आहे. खालचा षटकोनी नट वर नेला की मिश्रण पातळ होते, खाली आणला की जाड. एका वेळी एकच कड फिरवावी आणि प्रत्येक वेळी दुसरा कार्बोरेटर पुन्हा तपासावा, कारण दोघे एकाच इंजिनाला पेट्रोल देतात आणि एकाचा बदल दुसऱ्यावर दिसतो.

हे सगळे करूनही आयडलिंग स्थिर होत नसेल तर थ्रॉटलच्या दांड्याला हात लावून वरखाली हलवून पाहा. तिथे खेळ असेल तर बाजूने हवा ओढली जाते, आणि मग नवा दांडा आणि बूश याखेरीज उपाय नाही.

हेराल्डवाली

मी ब्रिस्टलला असते आणि माझ्याकडे ट्रायम्फ स्पिटफायर आहे. नाशिकला घरी स्टँडर्ड हेराल्ड होती. स्पिटफायरची चासी मूळ त्या हेराल्डच्याच रचनेवरून आलेली आहे, हे इथे आल्यावर कळले तेव्हा मला फार आनंद झाला होता.

इंजिनाच्या नादात ग्रीसिंग मागे पडू नये म्हणून लिहीत आहे. एमजीबीच्या प्रत्येक पुढच्या चाकाच्या किंगपिनला (ज्या खिळीभोवती चाक वळते तिला) ग्रीस भरण्याचे तीन निपल असतात आणि दर ३,००० मैलांना तिथे ग्रीस भरावे लागते. चाके जमिनीवर असताना पंप मारला तर भार आलेल्या बाजूला ग्रीस पोचत नाही, म्हणून गाडी अॅक्सल स्टँडवर घेऊन, स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवत, जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत भरावे. एखाद्या निपलमधून ग्रीस जातच नसेल तर तो बदलून पुढे जावे. आमच्या स्पिटफायरला याच जागी ग्रीस चालत नाही, घट्ट ईपी ९० तेल भरावे लागते. दोन्ही गाड्यांचे सल्ले एकाच ठिकाणी वाचताना ही गल्लत होते आणि ट्रायम्फच्या बाबतीत ती धोकादायक ठरते. एमजीबीच्या गिअरबॉक्समध्येही उलटच आहे: ओव्हरड्राइव्ह त्याच तेलावर चालत असल्याने तिथे इंजिनचे २०डब्ल्यू-५० तेल घालतात, ईपी ९० फक्त मागच्या अॅक्सलला.

तारांच्या चाकांचे आतले दाते वर्षातून एकदा पाहावेत. चाक जमिनीपासून उचलून, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून चाक मागेपुढे हलवा. टक् असा आवाज येऊन चाक हबवर हलले तर दाते झिजले आहेत, आणि मग चाक व हब दोन्ही बदलावे लागतात. दातांना ग्रीसचा पातळ थर द्यावा. मधला मोठा नट कोणत्या बाजूला सैल होतो ते त्यावर लिहिलेले असते, कारण दोन्ही बाजूंचे आटे एकमेकांच्या उलट असतात; वाचल्याशिवाय हातोडा मारू नये.

छताविषयी थोडेसे. व्हिनाइलचे छत थंडीत कडक झालेले असताना किंवा ओले असताना कधीही दुमडू नये. मागची पारदर्शक खिडकी सपाट ठेवून, तिच्यावर मऊ कापड पसरून मगच घडी घालावी. ओले दुमडलेले छत आतून बुरशीने काळे पडते.

पंचगंगा

कोल्हापुरातून लिहीत आहे. आमच्याकडे एमजी टीसी आहे, म्हणजे १९४५ पासून निघालेली, लाकडी सांगाड्याच्या बॉडीची थोरली गाडी, त्यामुळे तिचे प्रश्न वेगळे आहेत. एक प्रश्न मात्र दोन्हीकडे समान आहे, तो पेट्रोलमधल्या इथेनॉलचा. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने असल्याने इथेनॉल हा शेतकऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा विषय आहे, आणि आता इथे पंपावर वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल मिळते. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, मऊ होतात आणि आतून सुटलेले काळे कण फ्लोटच्या सुईखाली अडकून कार्बोरेटर वाहू लागतो. इथेनॉल हवेतले पाणी धरून ठेवते, म्हणून गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर टाकीही गंजते. सर्व नळ्या इथेनॉल चालणाऱ्या जातीच्या घालाव्यात, फिल्टर पारदर्शक घ्यावा, आणि गाडी निदान पंधरवड्यातून एकदा चालवावी.

भारतात कोणी अशी गाडी घेणार असेल तर त्यांच्यासाठी: २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मोठा बदल न झालेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि दहा वर्षांनी नूतनीकरणाचे ५,००० रुपये आहे. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणे यांसाठी चालवता येते.

थेम्सकाठी

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे झाले आहे. मी पाच टक्क्यांपर्यंतचे महागडे पेट्रोल भरतो. नळ्या कोणत्या वर्षीच्या आहेत ते ठाऊक नसल्याने टाकीपासून फ्लोटपर्यंत सगळ्या नव्या मागवल्या आहेत.

कार्बोरेटर नळीने ऐकून जुळवले. पुढच्याचा आवाज मागच्यापेक्षा स्पष्टपणे मोठा होता. सारखा केल्यावर आयडलिंग एका जागी थांबले. दांड्यांत खेळ नाही. पुढच्याचे मिश्रण जाड होते, नट दोन कडा वर न्यावा लागला. टॅपेटची झाकणे काढली तेव्हा एक खरोखरच मधोमध आत वाकलेले निघाले. सपाट करून बसवल्यापासून गळती थांबली आहे. ओव्हरड्राइव्हसह चौथ्या गिअरमध्ये तापलेल्या इंजिनात तेलाचा दाब ६० पाउंडांच्या आसपास दाखवतो.

सिलचा उजवा तुकडा, मधला उभा पत्रा आणि तळाची पन्हाळ मागवली आहे. सराव म्हणून जुन्या पत्र्यावर वेल्डिंग करत आहे. सिलला हात घालण्याआधी आणखी काही पाहायचे राहिले आहे का?

लोहारकाम

ब्रेक. आपल्यापैकी कोणीच ते विचारले नाही याचे मला आश्चर्य वाटते. गाडी आता पूर्वीपेक्षा जोरात आणि जास्त चालणार, म्हणून ते आधीच करून घ्यावे. तीन रबरी नळ्या पाहा, दोन पुढच्या चाकांना आणि एक मागच्या अॅक्सलला जाणारी. त्या बाहेरून चांगल्या दिसत असूनही आतून फुगतात, आणि मग ब्रेक सोडल्यावरही चाक धरून राहते. त्यांचे वय ठाऊक नसेल तर तिन्ही बदला. मागचे ड्रम काढून चाकांच्या सिलिंडरांचे रबरी टोपण उचला. आत ओल दिसली तर सिलिंडर गळू लागला आहे. लोखंडी नळ्यांचा मागच्या अॅक्सलवरचा भाग हाताने पुसून पाहा, गंज तिथे सर्वांत आधी येतो. डॉट ४ जातीचे ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे आणि क्लचचेही त्याच वेळी. हवा काढण्याची सुरुवात मागच्या चाकांपासून करावी.

तो आधार दाराच्या चौकटीत बसवाल तेव्हा, कापण्यापूर्वी, फटींची मापे वर, मध्ये आणि खाली अशी तिन्ही ठिकाणी घेऊन इथे लिहा. आपण एकत्र पाहू.